पायलट ज्योत विझली तर
अमेरिकेत मुलांकडे हिवाळा काढताना एखाद्या पहाटे घर गारठले, तर तळघरातील जुन्या गॅस फर्नेसची पायलट ज्योत विझली असण्याचा संभव असतो. प्रथम वास घ्यावा. गॅसचा वास आल्यास दिव्याच्या बटणालाही हात न लावता सर्वांसह बाहेर पडा आणि तेथूनच ९११ ला फोन करा. वास नसल्यास गॅसची कळ बंद करून ५ मिनिटे थांबा. मगच फर्नेसवरील सूचनांप्रमाणे ज्योत पेटवावी. कळ सोडताच ती पुन्हा विझली, तर ज्योतीच्या उष्णतेवर गॅस सुरू ठेवणारा थर्मोकपल बहुधा बिघडलेला असतो; तंत्रज्ञाला बोलवा. ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली, डोके दुखू लागले, तर वयाला दोष देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तत्काळ बाहेर पडा.