लॅपटॉपची निवड : भार, बळ आणि बॅटरी

ग्रामपंचायतीचा जमाखर्च, विकास आराखडा, विद्यार्थ्यांच्या नोंदी, वेतनदेयके, तालुक्याच्या बैठकीसाठी करावयाचे सादरीकरण ही सारी कामे आता संगणकाच्या पडद्यावर येऊन ठेपली आहेत. पंचायतींसाठी ई-ग्रामस्वराज ही प्रणाली २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. शाळांची माहितीही यू-डायस प्लस प्रणालीवर ऑनलाइन भरावी लागते. हे काम एका जागी बसून होण्यासारखे नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे अनेकदा एकाहून अधिक गावांचा कारभार असतो, केंद्रप्रमुख शाळाशाळांतून हिंडत असतात आणि शिक्षकांचे बरेचसे लेखनकाम रात्री घरीच पार पडते. साहजिकच टेबलावरील संगणकाऐवजी लॅपटॉपची निकड भासू लागली आहे. तथापि ही खरेदी पाच-सहा वर्षांतून एकदाच होते. ती चुकली तर तितकी वर्षे ती चूक खांद्यावर वाहावी लागते. खरेदी सार्वजनिक निधीतून झाली असेल, तर कागदोपत्री सर्व काही ठाकठीक असूनही काम मात्र रोज अडत राहते.

सुवाह्य संगणकाची कल्पना गेल्या चार दशकांत पार बदलून गेली आहे. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या ऑस्बोर्न-१ या संगणकाचे वजन सुमारे ११ किलो होते आणि त्याचा पडदा अवघा ५ इंचांचा होता. त्यात अंगभूत बॅटरी नव्हती, म्हणजे विजेची जोडणी असेल तेथेच तो चाले. तरीही तो प्रवासी संगणक म्हणून विकला गेला. पुढच्याच वर्षी आलेला ग्रिड कंपास पुस्तकासारखा मिटत असे आणि त्याचे वजन सुमारे ५ किलो होते. आजच्या लॅपटॉपची ठेवण तिथूनच आली. २००८ मध्ये मॅकबुक एअरने हे वजन १.३६ किलोवर आणले. आज १४ इंची पडद्याचा, दीड किलोच्या आतला लॅपटॉप सर्वत्र मिळतो. वजन घटले ते कशाच्या मोबदल्यात घटले, हे मात्र जाहिरातीत सांगितलेले नसते.

पातळ देहातील उष्णता

प्रोसेसर जितके अधिक काम करतो तितकी अधिक उष्णता निर्माण होते. ती बाहेर काढण्यासाठी तांब्याच्या नळ्या, पंखा आणि हवेला वाट लागते, आणि या सर्वांना जागा व वजन लागते. जाडी कमी करताना पहिला घाव येथेच बसतो. उष्णता साचू लागली की प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी आपली गती कमी करतो. त्यामुळे एकाच नावाचा प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप पहिली काही मिनिटे सारखेच चालतात आणि अर्ध्या तासानंतर त्यांपैकी एक मंदावतो. दुकानातील दोन मिनिटांच्या प्रात्यक्षिकात हा फरक दिसत नाही. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळी तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि अनेक उत्पादकांनी आपल्या यंत्रांसाठी वापराची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस अशी नोंदलेली असते, ही बाब आपल्याकडील खरेदीदाराने विशेष ध्यानी घ्यावयास हवी.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी येणारे अक्षर या दृष्टीने बोलके असते. इंटेलच्या नावात यू हे अक्षर असेल तर तो कमी वीज घेणारा, बहुधा १५ वॅटच्या आसपासचा प्रोसेसर होय. एच असेल तर तो सुमारे ४५ वॅटचा असतो आणि जाड, वजनदार यंत्रांत शोभतो. पत्रव्यवहार, तक्ते, ऑनलाइन प्रणाली व दृक्-श्राव्य बैठक एवढ्या कामासाठी यू वर्गाचा अलीकडचा प्रोसेसर पुरेसा आहे. चित्रफितींचे संकलन, नकाशांचे मोठे काम किंवा अभियांत्रिकी आरेखन करणाऱ्यास एच वर्गाची गरज पडते. अशा व्यक्तीने दोन-सव्वादोन किलोचे वजन आनंदाने पत्करावे, कारण पातळ यंत्रात हा प्रोसेसर घेणे म्हणजे बैलगाडीला मोटारीचे इंजिन लावण्यासारखेच आहे.

केवळ आकड्यावर भाळणेही धोक्याचे असते. एएमडी कंपनीच्या २०२३ पासूनच्या एका नामपद्धतीत पहिला अंक विक्रीवर्षाचा असून प्रोसेसरची मूळ रचना तिसऱ्या अंकावरून कळते. रायझन ५ ७५२०यू हे नाव नवे वाटते, पण त्याची रचना २०१९ मधील आहे. ७५४०यू या जवळजवळ तशाच नावामागे मात्र बरीच नवी रचना आहे. इंटेलनेही डिसेंबर २०२३ मध्ये कोअर अल्ट्रा ही मालिका आणली तेव्हा नावांतील पूर्वीचे आय हे अक्षर सोडले. "आय-सेव्हन आहे, साहेब," एवढ्या एका वाक्यावर पसंती देण्याचे दिवस त्यामुळे संपले आहेत.

स्मृती आणि साठवण

यंत्र मंद चालते अशी तक्रार असते तेव्हा दोष बहुधा प्रोसेसरचा नसून अपुऱ्या स्मृतीचा असतो. विंडोज ११ साठी कागदोपत्री किमान ४ जीबी रॅम सांगितली जाते, परंतु तेवढ्यावर काम करणे म्हणजे मनस्ताप होय. ब्राउझरच्या आठ-दहा खिडक्या, एक मोठा तक्ता आणि बैठकीचे दृश्य एकाच वेळी उघडले की ८ जीबीही काठोकाठ भरते. शिवाय बहुसंख्य हलक्या लॅपटॉपमध्ये चित्रांसाठी वेगळी स्मृती नसते, ती मुख्य रॅममधूनच घेतली जाते. म्हणून पाच वर्षांच्या वापराचा विचार करणाऱ्याने १६ जीबी घ्यावी, मग त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा पत्करावा लागला तरी चालेल. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पाटीवरच डाख लावून बसवलेली असते व पुढे वाढवता येत नाही, हे आधी विचारून घ्यावे.

साठवणुकीच्या बाबतीत प्रश्नच उरलेला नाही. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारणतः १०० ते १५० एमबी माहिती वाचते. साध्या साटा जोडणीचा एसएसडी सुमारे ५५० एमबी वाचतो, तर एनव्हीएमई प्रकारचा त्याच्या कित्येक पट. एसएसडीमध्ये हलणारा एकही भाग नसल्याने दुचाकीवरून खडबडीत रस्त्याने नेताना तो दचक्यांनी बिघडण्याचे भय नसते. ५१२ जीबी एवढी साठवण कार्यालय व घर मिळून पुरेशी होते.

बॅटरीचा हिशेब

"दहा तास चालते" या विधानाला स्वतंत्रपणे फारसा अर्थ नाही. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत छापलेली असते आणि तिला यंत्राच्या सरासरी वीजवापराने भागले की तास मिळतात. ५६ वॉट-तासांची बॅटरी असलेला लॅपटॉप लेखनासाठी सरासरी ७ वॅट घेत असेल तर तो आठ तास चालेल. कॅमेरा चालू ठेवून, पडदा उजळ करून बैठकीला बसल्यावर तोच १४ वॅट घेऊ लागला तर चार तासांत संपेल. हा भागाकार ज्यास करता येतो त्याला विक्रेता फसवू शकत नाही. ४० वॉट-तासांहून लहान बॅटरी असलेले यंत्र कितीही हलके असले तरी वीज जाणाऱ्या गावात ते उपयोगाचे नाही. विमानप्रवासात विनापरवाना सोबत नेण्याची मर्यादा १०० वॉट-तास असल्याने मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्याही सहसा तिच्या आतच ठेवलेल्या आढळतात.

वजन मोजताना चार्जर विसरला जातो. शक्तिमान लॅपटॉपचा चार्जर एकटाच अर्ध्या किलोचा असू शकतो. यूएसबी-सी मार्गे ६५ वॅटवर भरणारा लॅपटॉप घेतल्यास लहान चार्जर पुरतो आणि तोच फोनलाही चालतो. लिथियम बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली व तापलेली राहिली तर लवकर झिजते. ज्या यंत्रात ८० टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय आहे तेथे ती कार्यालयीन दिवसांत चालू ठेवावी.

टोकन, प्रक्षेपक आणि टंकलेखन

पंचायतीच्या व्यवहारात खरी फजिती होते ती येथे. देयकांवर डिजिटल स्वाक्षरी करण्याचे टोकन बहुधा जुन्या चौकोनी यूएसबीचे असते. अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र आणि कार्यालयातील जुना प्रिंटरही तसेच. अतिपातळ लॅपटॉपला मात्र केवळ यूएसबी-सी जोडण्या असतात. शाळेतील जुन्या प्रक्षेपकाला व्हीजीए तार लागते आणि ती नव्या हलक्या लॅपटॉपमधून जवळजवळ नाहीशीच झाली आहे. दोन चौकोनी यूएसबी व एक एचडीएमआय जोडणी असलेले यंत्र शंभर ग्रॅमने जड असले तरी श्रेयस्कर. व्हीजीएसाठी एक जोडतुकडा स्वतंत्रपणे घ्यावा.

निवड केवळ विंडोजपुरती मर्यादित नाही. ॲपलचे २०२२ पासूनचे मॅकबुक एअर पंख्याविना चालते आणि बॅटरीच्या बाबतीत उत्कृष्ट आहे. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉपही आले असून तेही दीर्घकाळ चालतात. परंतु टोकन व प्रिंटर चालवणारी लहान आज्ञावली त्या प्रोसेसरसाठी वेगळी बनवलेली असावी लागते, आणि जुन्या उपकरणांसाठी ती बरेचदा उपलब्ध नसते. केवळ घरगुती लेखन-वाचनासाठी ही यंत्रे निःसंकोच घ्यावीत. कार्यालयासाठी घेण्यापूर्वी मात्र स्वतःचे टोकन लावून पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

मराठी टंकलेखनाला शक्तिमान यंत्र लागत नाही. युनिकोड आणि इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये अंगभूतच आहेत. कळा मात्र प्रत्यक्ष दाबून पाहाव्यात, कारण रोज पानेच्या पाने लिहिणाऱ्याला प्रोसेसरपेक्षा कळफलकच अधिक जाणवतो.

कार्यालय व घर यांचा संसार एकाच यंत्रावर होणार असेल तर मुलांसाठी वेगळे वापरखाते उघडावे. लाभार्थ्यांच्या याद्या आणि विद्यार्थ्यांचे तपशील असलेला लॅपटॉप एसटीत विसरला जाण्याची शक्यता नेहमीच असते. डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी बिटलॉकरची पूर्ण सोय विंडोजच्या प्रो आवृत्तीत मिळते, म्हणून कार्यालयीन खरेदीत तीच मागावी.

तपशील व ताबा

शासकीय खरेदीत सामान्यतः कंपनीचे नाव न लिहिता तपशील लिहावा लागतो. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या जेम या पोर्टलवरही तपशिलांच्या आधारेच तुलना होते. म्हणून कच्चा तपशील म्हणजे कच्चे यंत्र. गावोगाव नेण्याच्या लॅपटॉपसाठी पडदा १४ इंची, चकाकीरहित, १९२० बाय १०८० बिंदूंचा व किमान ३०० निट तेजाचा, वजन कमाल दीड किलो, रॅम १६ जीबी, एनव्हीएमई एसएसडी ५१२ जीबी, बॅटरी किमान ५० वॉट-तास, वर सांगितलेल्या जोडण्या, विंडोज ११ प्रोचा अधिकृत परवाना आणि तीन वर्षांची जागेवरील सेवा, असे स्पष्ट शब्दांत लिहावे. तेजाचा उल्लेख नसेल तर २५० निटचा पडदा येतो आणि शाळेच्या ओसरीत त्यावरचे काही दिसत नाही. जागेवरील सेवा म्हणजे तंत्रज्ञाने तालुक्याच्या ठिकाणापर्यंत येणे की यंत्र जिल्ह्याला नेऊन देणे, हेही लेखी ठरवावे. यंत्राची हमी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची हमी बहुधा एकच वर्षाची असते.

स्वस्त जुने यंत्र घेणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे यंत्र दिसायला चकचकीत असले तरी कार्यालयीन कामासाठी घेऊ नये.

यंत्र ताब्यात घेताना खोक्यावरील नव्हे तर प्रत्यक्ष यंत्रातील नोंद पाहावी. सेटिंगच्या माहितीपानावर प्रोसेसरचे पूर्ण नाव व रॅम दिसते. यंत्राचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की हमीची मुदत आणि तिचा प्रकार कळतो. भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीचे चिन्ह यंत्रावर असल्याची खात्री करावी. त्यानंतर टोकन, प्रिंटर आणि प्रक्षेपक एकेक करून जोडावेत, अर्धा तास दृक्-श्राव्य बैठक चालवावी आणि पंख्याचा आवाज, उष्णता व घटलेली बॅटरी यांची नोंद करून मगच स्वीकृतीच्या कागदावर स्वाक्षरी करावी.