एका नोंदीचा तक्ता होत नाही

आमच्या कबनूरला शांतता अशी नसतेच. इचलकरंजीला खेटून असलेलं हे यंत्रमागांचं गाव. मागांचा खडखडाट इतका अंगवळणी पडलेला, की तो थांबला तरच माणूस दचकतो आणि म्हणतो, वीज गेली वाटतं. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी अशीच वीज गेली होती, म्हणून फोनवरचं रडणं मला स्पष्ट ऐकू आलं. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात शिकणारी माझी धाकटी मुलगी हॉस्टेलवरून बोलत होती. म्हणाली, "अब्बा, मला घरी न्या. माझ्यानं हे होणार नाही."

कॉलेजातली पहिलीच अंतर्गत परीक्षा झाली होती. शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयात तिला ५० पैकी १७ गुण पडले होते. बारावी सायन्सला पहिल्या वर्गात पास झालेली पोरगी. गल्लीत पेढे वाटले होते आम्ही. त्या पेढ्यांचीच तिला आता लाज वाटत होती.

अशा वेळी कुठलाही बाप जे करील ते मी केलं. थोरामोठ्यांचे दाखले द्यायला लागलो. म्हटलं, "बेटा, १९०७ साली बाबासाहेब आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अब्बा, ते बाबासाहेब होते. मी मी आहे."

मी गप्प झालो. पोरीचं खरं होतं. दुसऱ्याच्या जखमेची गोष्ट ऐकून आपली जखम भरत नाही. तिला दाखला नको होता, वाट हवी होती. आज मी बोलणार आहे ते त्या वाटेबद्दल. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतल्या मुली, आणि आता मुलंसुद्धा, नर्सिंगला जातात. पहिल्या निकालानंतर असाच फोन त्यांच्याही घरी येत असणार.

आधी हे समजून घेऊ, की बारावीला चमकलेलं मूल इथं पहिल्याच फटक्यात का आपटतं. पहिलं कारण अगदी साधं आहे. बारावीला उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के लागतात. बी.एस्सी. नर्सिंगला ५० टक्के लागतात, तेही लेखीत वेगळे आणि प्रात्यक्षिकात वेगळे. इंग्रजी भाषेच्या विषयाला ४० टक्क्यांची सवलत आहे. म्हणजे काल जे गुण 'पास' होते, ते आज 'नापास' ठरतात. मूल तेच असतं, उंबरठा उंच झालेला असतो.

दुसरं कारण भाषेचं. आमच्या घरात दखनी, गल्लीत रांगडी मराठी, शाळेत पुस्तकी मराठी. आणि आता हॉस्टेलात, वर्गात, उत्तरपत्रिकेत सगळं इंग्रजी. 'मूत्रपिंड' म्हटलं की जिला सगळं आठवतं, तिच्यापुढं 'रीनल' हा शब्द आला की ती अडखळते.

तिसरं कारण वेळेचं. सकाळी वर्ग, मग प्रात्यक्षिकं, पुढं वॉर्डात उभं राहणं. रात्री पुस्तक उघडावं तर डोळे मिटतात. शिवाय घरची आठवण. हॉस्टेलातल्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत निम्मं मन घरीच असतं, आणि अर्ध्या मनानं केलेल्या अभ्यासाला गुणही तसेच पडतात.

त्या रविवारी मी आणि तिची अम्मी तिला भेटायला गेलो. ती सामान बांधून बसली होती. तिच्या टेबलावर एक छापील तक्ता पडला होता. मी सहज विचारलं, "हे काय?" म्हणाली, "पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदीचा तक्ता. ठरावीक तासांनी मोजायचं, ठिपका द्यायचा आणि ठिपके रेषेनं जोडायचे." मी विचारलं, "आणि एकच ठिपका असला तर?" ती म्हणाली, "एका ठिपक्यावरून काय कळणार? ताप चढतोय की उतरतोय, हे दुसऱ्या नोंदीशिवाय ठरत नाही."

बोलता बोलता ती स्वतःच थांबली. मला पुढं काही समजावावं लागलं नाही. ५० पैकी १७ हा एक ठिपका होता. तो खोटा नव्हता. तापमापक फोडला म्हणून ताप उतरत नाही, तसं प्रश्नपत्रिकेला किंवा तपासणाऱ्याला दोष देऊन गुण वाढत नाहीत. पण ताप हा रोग नसतो, ते लक्षण असतं. रोग कुठं आहे, ते शोधावं लागतं.

मला माझे दिवस आठवले. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी रात्रपाळीत माग चालवायचो आणि सकाळी कॉलेजात जायचो. सहामाहीला इंग्रजीत नापास झालो. कविता करणारा पोरगा आणि कवितेच्याच पेपरात नापास! कॉलेज सोडायचं ठरवून सरांकडं गेलो. त्यांनी पेपर पुढं ठेवला आणि म्हणाले, "तुला येत नाही असं नाही. तुला विचारलंय काय, ते तू वाचत नाहीस." प्रश्न एका कडव्याचा होता आणि मी कवीवर दोन पानं लिहिली होती. त्या एका वाक्यानं मला पदवीपर्यंत नेलं. सरांनी माझी समजूत घातली नव्हती. चूक कुठं झाली, त्यावर फक्त बोट ठेवलं होतं.

म्हणून आम्ही तिघं तिथंच बाकावर बसलो आणि तिची उत्तरपत्रिका उघडली. गेलेल्या ३३ गुणांची वाटणी केली. जे मुळातच येत नव्हतं, त्याचे ९ गुण निघाले. येत होतं, पण इंग्रजीत मांडता आलं नाही किंवा आकृती काढून तिच्या भागांना नावं दिली नाहीत, त्याचे १६. आणि वेळ संपला म्हणून जे लिहिलंच नाही, त्याचे ८. तिची अम्मी सातवीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "म्हणजे पोरीला येत नव्हतं ते नऊचंच की!" मुलगी पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली.

या तिन्ही दुखण्यांवर औषध मात्र वेगवेगळं आहे. सरसकट 'जास्त अभ्यास कर' म्हणणं म्हणजे प्रत्येक पेशंटला एकच गोळी देणं. वेळ पुरला नाही, तर घड्याळ लावून लिहायचा सराव करायचा. येत नाही ते समजावून घ्यायला शिक्षकांच्या दारात जायचं, तिथं लाजायचं नाही. राहिली भाषा. तिथं माझ्यासारख्या शब्दांच्या माणसाला थोडं करता येण्यासारखं होतं.

वैद्यकातले बरेच शब्द ग्रीक आणि लॅटिनमधून आलेले आहेत, आणि ते आपल्या समासासारखे फोडता येतात. शेवटी 'आयटिस' आलं की समजावं, दाह झालाय. 'गॅस्ट्र' म्हणजे जठर, 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'आर्थ्र' म्हणजे सांधा. आता गॅस्ट्रायटिस, हेपॅटायटिस, नेफ्रायटिस, आर्थ्रायटिस हे चार शब्द पाठ करावे लागत नाहीत, आपोआप उलगडतात. 'टॅकी' म्हणजे वेगानं, 'ब्रॅडी' म्हणजे संथ, 'कार्डिया'चा संबंध हृदयाशी. शाळेत आपण 'राजवाडा' या शब्दाचा विग्रह करत होतो, तसाच हा. मुलीनं एक वही केली, मधोमध रेघ मारली, डावीकडं तुकडा आणि उजवीकडं मराठी अर्थ. रोज पाच तुकडे.

आता अभ्यासाच्या पद्धतीबद्दल. आपली मुलं धडा पुन्हा पुन्हा वाचतात आणि त्याला अभ्यास म्हणतात. इब्न सीना हा हजार वर्षांपूर्वीचा मोठा हकीम. त्याचा 'कानून' हा वैद्यकग्रंथ युरोपातही शतकानुशतकं शिकवला गेला. त्यानं आपल्या आत्मवृत्तात सांगितलंय, की ॲरिस्टॉटलचा एक ग्रंथ मी चाळीस वेळा वाचला, पाठ झाला, तरी कळला नाही. मग एक दिवस बाजारात तीन दिरहमला फाराबीचं छोटं पुस्तक मिळालं. ते त्याच ग्रंथाचा हेतू उलगडून सांगणारं होतं. ते वाचलं आणि सगळं उजळलं. इतक्या बुद्धिमान माणसालाही एकेचाळिसावं वाचन उपयोगाचं नव्हतं. वाट बदलावी लागली.

आजचं संशोधनही याच बाजूचं आहे. २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा त्यांना सुमारे ४२ टक्के आठवत होतं आणि मिटून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. म्हणजे नुसत्या वाचनानं 'आपल्याला येतंय' असा भास होतो, आणि परीक्षेत तो भास फुटतो. मिटून लिहिताना अडायला होतं, चिडायला होतं, पण ते अडणंच कामाला येतं.

आमच्या मागाच्या धंद्यात वहीफणी नावाचं काम असतं. ही वही लिहायची नव्हे. सुताची एकेक तार वहीतून ओवायची आणि फणीच्या फटीतून काढायची. हजारो तारा असतात. एक जरी चुकीच्या घरात गेली, तरी कापडात दोष उमटतो. तेव्हा कुणी माग विकून टाकत नाही. चुकलेली तार शोधतात, काढतात, पुन्हा ओवतात. मुलीला म्हटलं, "तुझं कापड बिघडलेलं नाही. तार चुकली आहे."

इथं एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. गुणांना काही अर्थच नसतो, असं मी म्हणत नाही. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा उभी करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना परीक्षेवर आधारलेली सरकारी नोंदणी मान्य नव्हती. परिचारिकेचे खरे गुण कागदावर मोजता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पेशंटच्या कपाळावर ठेवलेल्या हाताला कोण गुण देणार? तरीही इंग्लंडनं १९१९ साली नोंदणीचा कायदा केलाच, आणि तेही बरोबर होतं.

कारण एक छोटं गणित बघा. डॉक्टरांनी सांगितलं, ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्या. नळीतून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. तर मिनिटाला किती थेंब सोडायचे? उत्तर सुमारे ४२. एखादीनं गडबडीत ८४ सोडले, तर तेच पाणी दोन तासांत शरीरात जाईल, आणि हृदय दुबळं असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं. तिथं 'मी मनानं फार मायाळू आहे' हे सांगून भागत नाही. म्हणून ५० टक्क्यांचा उंबरठा उंच वाटला तरी तो आपल्याच माणसांसाठी आहे. खाटेवर उद्या तुमची-माझी आईच असणार आहे.

आणि पालकांसाठी दोन शब्द. मुलीचा फोन आला की पहिल्यांदा फी, कर्ज आणि लोक काय म्हणतील हे काढू नका. ते तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. निर्णय त्या रात्री घेऊ देऊ नका. निदान दुसऱ्या नोंदीपर्यंत थांबा. त्यानंतरही हे काम आपलं नाही असं तिला शांतपणे वाटलं, तर वाट बदलण्यात गुन्हा नाही. पण झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर मामला गुणांचा राहिलेला नसतो. तेव्हा लगेच शिक्षकांशी, डॉक्टरांशी बोला. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. मराठीत बोलता येतं.

दुसऱ्या चाचणीत मुलीला ५० पैकी २८ गुण मिळाले. पेढे वाटण्यासारखे नव्हते. आम्ही वाटलेही नाहीत. तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "अब्बा, रेषा वर गेली."

गेल्या ईदला ती घरी आली होती. सकाळपासून अम्मीचं डोकं जड होतं. मुलीनं पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं, अम्मीला पाच मिनिटं शांत बसवलं, पट्टा गुंडाळला, मोजलं आणि आकडा वहीत लिहिला. अम्मी घाबरून विचारायला लागली, "किती आहे गं? जास्त आहे का? गोळ्या लागतील?"

मुलीनं वही मिटली. म्हणाली, "एकदा मोजून काही ठरत नाही अम्मी. संध्याकाळी परत घेते."