सात अक्षरांची भागीदारी

रव्याच्या डब्यात सापडणारा तांबूस, जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीचा किडा म्हणजे तांबडा भुंगेरा, शास्त्रीय नाव ट्रायबोलियम कॅस्टेनियम. अमेरिकेतल्या वेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए अथपासून इतिपर्यंत वाचला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केला. एकूण अक्षरं १५,८८१.

पेशीसाठी ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए केंद्रकातल्या डीएनएपासून वेगळा असतो. तो बांगडीसारखा गोल असतो आणि सहसा फक्त आईकडून मिळतो. एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे भुंगेऱ्याचा एखादा पायही कामाला पुरतो. यंत्र त्याचे छोटे तुकडे वाचतं, आणि ज्यांची टोकं जुळतात ते संगणक एकमेकांना जोडत जातो. ए आणि टी या अक्षरांची रांगच रांग असलेल्या पट्ट्यात मात्र सगळे तुकडे सारखेच दिसतात. तिथे भल्याभल्यांची दमछाक होते.

या डीएनएमध्ये ३७ जनुकं आहेत. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातही तीच ३७! (माणसाची १६,५६९ अक्षरं केंब्रिजमध्ये १९८१ सालीच वाचून झाली होती.)

आणि काटकसर तरी किती! बहुसंख्य कीटकांत एटीपी-८ आणि एटीपी-६ ही शेजारची जनुकं सात अक्षरं वाटून घेतात: एटीजीएटीएए. यातल्या पहिल्या तीन अक्षरांपासून, एटीजीपासून, एटीपी-६ सुरू होतं. शेवटच्या तीन अक्षरांवर, टीएएवर, एटीपी-८ संपतं. एटीपी-८च्या वाचनात टीएएच्या आधी टीजीए येतं. केंद्रकाच्या नियमाने टीजीए म्हणजे ‘थांबा’. पण मायटोकॉन्ड्रियाच्या नियमाने ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. म्हणून तर वाचन अडत नाही. काही जनुकं याहून पुढे जातात. त्यांच्या शेवटी टीएए पूर्ण लिहिलेलंच नसतं, नुसता टी असतो. आरएनए प्रत तयार झाली की पेशी तिच्या टोकाला ए जोडत जाते आणि अर्धा राहिलेला पूर्णविराम तिथे पुरा होतो. इतकं नेटकं लिखाण मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

या ३७ जनुकांतलं कॉक्स-१ तर रोजच्या कामाचं ठरलं आहे. त्यातल्या सुमारे ६५० अक्षरांवरून प्राण्याची जात ओळखावी, असं कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्येच सुचवलं. डोळ्यांना जिची जात कळत नाही अशी गोदामातली अळीही आज त्यावरून ओळखता येते.