गाडीचा ताप मोजताना

पुण्याच्या तपकीर गल्लीत एक फेरी मारली, की आर्डुइनो नॅनो, कॅन मॉड्यूल, छोटा ओलेड डिस्प्ले, बक कन्व्हर्टर आणि झिरो पीसीबीचा तुकडा एवढा ऐवज पिशवीत जमा होतो. त्यातून उभा राहतो इंजिनाच्या कूलंटचं तापमान दाखवणारा मीटर. अनेक छोट्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर आता तापमानाचा काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा लागतो, फार तापलं की लाल. मधलं काहीच कळत नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, मात्र तो आकडा क्षणोक्षणी ठाऊक असतो. तो विचारण्याची जागा म्हणजे स्टिअरिंगखालचं १६ पिनांचं ओबीडी, म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्सचं सॉकेट.

हे सॉकेट प्रदूषणाच्या कायद्यातून आलं. उत्सर्जन आटोक्यात ठेवणारी यंत्रणा बिघडली तर गाडीनेच ते ओळखावं, हा त्यामागचा हेतू. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून. भारतात भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर एप्रिल २०१० मध्ये पहिला टप्पा आला आणि एप्रिल २०१३ मध्ये ओबीडी-२. गॅरेजमधला स्कॅनर याच सॉकेटला लागतो, आणि हौशी माणसाची चार तारांची जुळणीही.

खरंच चारच तारा. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचे १२ व्होल्ट, ४ वर अर्थ, ६ वर कॅन हाय आणि १४ वर कॅन लो. कॅन ही बॉशने १९८६ मध्ये जगापुढे आणलेली संदेशवहनाची पद्धत. तिच्या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. म्हणून इग्निशन बंद करून ६ आणि १४ मध्ये मल्टिमीटर धरला, की बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या आसपास आकडा येतो. बाजारातल्या मॉड्यूलवरही १२० ओहमचा रेझिस्टर जंपरने जोडलेला असतो. तो तसाच राहिला तर मल्टिमीटर ४० दाखवतो. जंपर काढायचा आणि मगच पुढे जायचं.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. बऱ्याच मॉड्यूलवरचा क्रिस्टल ८ मेगाहर्ट्‌झचा असतो आणि प्रोग्राममध्ये १६ गृहीत धरलेले असतात. मग ५०० किलोबिटचा वेग प्रत्यक्षात २५० होतो आणि समोरून चकार शब्द येत नाही. जुळणी बिनचूक, डाख पक्के, तरीही शांतता. अशा वेळी क्रिस्टलवर कोरलेला आकडा भिंगातून वाचायचा.

वेग जुळला की संवाद सुरू होतो. आर्डुइनो ७डीएफ या पत्त्यावर ०२ ०१ ०५ असं पाठवतो. वाड्याच्या चौकातून हाक मारावी, ती सगळ्यांच्या कानी पडावी आणि ज्याचं काम आहे त्यानेच उत्तर द्यावं, तशी ही पद्धत. ०२ म्हणजे पुढे दोन बाइट आहेत, ०१ म्हणजे चालू माहिती हवी, ०५ म्हणजे कूलंटचं तापमान. इंजिनाचा ईसीयू ७ई८ वरून उत्तरतो: ०३ ४१ ०५ ८२. शेवटचा ८२ हा सोळाच्या पायावरचा आकडा, आपल्या मोजणीत १३०. त्यातून ४० वजा केले, की ९० अंश सेल्सिअस. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. ४० वजा करण्याच्या या सोयीमुळे उणे ४० पासून २१५ अंशांपर्यंतचा पल्ला त्यात बसतो.

डिस्प्लेवर ९० उमटले, की गाडीचा स्वभाव कळू लागतो. सकाळी आकडा भराभर चढतो, थर्मोस्टॅट उघडल्यावर रेंगाळतो. सिग्नलला उभं राहिलं की पुन्हा वर सरकतो, रेडिएटरचा पंखा लागला की उतरतो. घाट चढून लगेच इंजिन बंद केलं आणि इग्निशन परत ऑन केलं, तर आकडा आधीपेक्षा वाढलेला सापडतो. पाण्याचा पंप थांबलेला असतो, पण इंजिनाच्या धातूतली उष्णता कूलंटमध्ये उतरतच असते. पुस्तकात वाचलेलं इथे डोळ्यांदेखत घडतं.

दोन गोष्टी मात्र काटेकोरपणे पाळाव्या लागतात. पहिली विजेची. १६ नंबरची पिन गाडी बंद असतानाही जिवंत असते. ५० मिलिअँपिअर ओढणारा मीटर दिवसाला १.२ अँपिअर-तास खातो, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी. म्हणून वाटेत फ्यूज हवा आणि गाडी लावल्यावर मीटर काढून ठेवायला हवा.

दुसरी त्याहून महत्त्वाची. मूळच्या कॅन संदेशात पाठवणाऱ्याची खातरजमा होत नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी धावत्या जीप चेरोकीचा ताबा दुरून घेऊन दाखवला. त्यानंतर कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तेव्हा नव्याने या छंदात येणाऱ्याने ०१ या वाचनाच्या सेवेपुरतंच थांबावं. ०४ ही सेवा बिघाडांची नोंद पुसते, तिला हात लावू नये. तारा पेडलपासून लांब बांधाव्यात आणि पहिली चाचणी गाडी उभी करून, हँडब्रेक ओढूनच घ्यावी.