तीस मीटर आणि पाव सेकंद

अ‍ॅरिझोना म्हटलं की डोळ्यांपुढे निवडुंग येतात. पण त्या राज्याच्या मधोमध मोगोयॉन रिम नावाचा दोन हजार मीटरहून उंच कडा आहे आणि माथ्यावर पॉन्डेरोसा पाइनचं मोठं जंगल. इथले मूळचे एल्क विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपले. १९१३ मध्ये यलोस्टोनहून ८३ एल्क आणून सोडले गेले, त्यांच्यापासून पुन्हा कळप वाढले. काश्मीरच्या हंगुलाचा हा नातलग. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात भरतो. सप्टेंबरात तिथे धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांचा हंगाम असतो. सोडतीत नाव निघालं, तरच परवाना.

या जंगलात बारमाही पाणी कमी. पशुपालकांनी गुरांसाठी बांध घालून केलेली मातीची तळी हाच बराचसा आधार. शिकारी तिथे मचाण बांधतो किंवा आडोसा करून बसतो. जनावर कधी ना कधी पाण्यावर येणारच, हा हिशेब. बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसून प्राणी मोजलेल्यांना तो नव्याने सांगायला नको.

सप्टेंबरातला नर एल्क आतून तापलेला असतो. अंग मोठं, म्हणजे वजनाच्या मानाने उष्णता बाहेर टाकणारी कातडी कमी. पोटात चाऱ्याचं किण्वन चालू असतं, त्याची उष्णता वेगळी. वर हिवाळ्याची दाट लव फुटू लागलेली. दिवस लहान होऊ लागतात तसं टेस्टोस्टेरॉन वाढतं, मान फुगते आणि नर चरणं सोडून माद्यांमागे धावू लागतो. गवतही वाळत आलेलं, त्यातून मिळणारं पाणी घटतं. मग तो तळ्यावर येतो आणि नुसता पीत नाही, चिखलात मनसोक्त लोळतो. त्याने अंग थंड होतं. पण माजावरचा नर त्या चिखलात आधी मुततो आणि तो दर्प अंगभर माखून घेतो. ही त्याची जाहिरात.

अडचण पावसाची. अ‍ॅरिझोनालाही मोसमी पाऊस आहे, जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. एक चांगली सर आली की खडकांचे खळगे, गाड्यांच्या चाकोऱ्या, सगळीकडे पाणी साचतं. मग ठरावीक तळ्यावर यायचं एल्कला कारणच उरत नाही, आणि मचाणावरचा माणूस डास मारत बसतो.

कोणत्या तळ्यावर जनावर येतं, हे कळायला लोक कॅमेरे बांधत. एकेका पाणवठ्याभोवती इतके कॅमेरे झाले, ते पाहायला माणसांची इतकी ये-जा झाली, की वन्यजीवांबरोबर गुरांनाही त्रास होऊ लागला. राज्याच्या वन्यजीव आयोगाने २०२१ मध्ये शिकारीसाठी त्यांचा वापर बंद करायचं ठरवलं आणि १ जानेवारी २०२२ पासून तो नियम लागू झाला. शिकाऱ्यांत यावरून बरीच जुंपली. मला आयोगाचं पटतं. तहान ही काही जनावराची निवड नव्हे. तिचं वेळापत्रक घरबसल्या फोनवर मिळू लागलं, तर शिकाऱ्याने करायचं काय उरलं? पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम ठोकून प्राण्यांची आणि गुरांची वाट अडवणं हा तर तिथे आधीपासूनच गुन्हा आहे.

जागा बरोबर निवडली, तरी नाकाशी गाठ असते. डोंगरात वारा घड्याळाप्रमाणे दिशा बदलतो. सकाळी ऊन लागून उतार तापले की त्यांना लागून असलेली हवा हलकी होऊन वर चढते. संध्याकाळी उतार निवले की जड झालेली थंड हवा खाली ओघळते आणि खोलगट भागात साचते. तळंही नेमकं खोलगट भागातच असतं. म्हणजे संध्याकाळी, एल्क पाण्यावर यायच्या वेळेला, उतारावर बसलेल्या माणसाचा वास थेट पाण्यावर उतरतो. दोन वाऱ्यांच्या मधला काळ सर्वांत वाईट, तेव्हा हवा भोवऱ्यासारखी कुठूनही कुठे फिरते. शिकारी खिशात बारीक पावडरीची बाटली ठेवतात आणि मधूनमधून फुस्स करून पाहतात. पावडर पाण्याकडे निघाली, तर शहाणा माणूस मचाणावरून उतरून घरी जातो.

समजा, वारा साथ देतो आणि नर तीस मीटरवर पाणी पितो आहे. कप्प्या लावलेलं आधुनिक कंपाउंड धनुष्य बाण सेकंदाला साधारण ८५ मीटर वेगाने सोडतं. ध्वनीचा वेग ३४० मीटरच्या आसपास. प्रत्यंचेचा आवाज ०.०९ सेकंदात एल्कच्या कानी पोहोचतो, बाणाला मात्र ०.३५ सेकंद लागतात. मधला पाव सेकंद जनावराचा. दचकलेलं जनावर पळण्यासाठी आधी पाय दुमडतं, त्यामुळे धड काही सेंटीमीटर खाली येतं. तेवढ्यानेही फुप्फुसांवर धरलेला नेम वर जाऊ शकतो. शिवाय त्या ०.३५ सेकंदांत बाण स्वतः गुरुत्वाकर्षणाने साठेक सेंटीमीटर खाली आलेला असतो, म्हणून अंतराचा अंदाज थोडाही चुकून चालत नाही. पाणवठ्याचा मोठा फायदा मला इथे दिसतो: काठावरचा प्रत्येक दगड, प्रत्येक ओंडका किती मीटरवर आहे, हे आधी निवांत मोजून ठेवता येतं.

तीस ग्रॅमच्या बाणाची ऊर्जा शंभर-सव्वाशे ज्यूल, रायफलच्या गोळीची तीन हजारांच्या पुढे. बाण धक्क्याने मारत नाही. त्याचं धारदार पातं कापतं आणि रक्तस्राव होतो. घाव फुप्फुसांत बसला, तर एल्क थोडं अंतर जाऊन पडतो. लगेच मागे धावलं, तर जखमी जनावर जीव खाऊन दूर पळतं. म्हणून अर्धा तास तरी थांबून मगच रक्ताचा माग काढायचा, असा रिवाज आहे.

आणि मग पुन्हा उष्णताच आडवी येते. मेलेल्या एल्कच्या दाट लवेखाली ऊब कोंडून राहते. मांडीच्या हाडाजवळचं मांस सर्वांत शेवटी निवतं, त्यामुळे आधी तिथेच नासतं. कातडी तातडीने काढायची, चारी फर्रे सुटे करून सावलीत वाऱ्याला टांगायचे, शक्यतो हाडंही काढून टाकायची. हे सगळं पाठीवरून गाडीपर्यंत न्यायला एकट्या माणसाला अनेक फेऱ्या माराव्या लागतात, आणि गाडीत बर्फाच्या पेट्या आधीच भरून ठेवलेल्या नसतील, तर पहिली फेरीही व्यर्थ जाऊ शकते.