जाळं तसंच पडून राहिलं, तर एकदा घरी जाऊन विचारा



या पानावर आपण बोटुकलीचा भाव, तलावाचा ठेका, बर्फ, गाडीभाडं यावरच बोलतो. आज विषय जड आहे. पण पूर्ण वाचा, आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

ठेक्याचे पैसे भरलेले, बीज सोडलेलं, अन् पावसानं दगा दिला की तलावाचं पाणी गुडघ्यावर येतं. मासा वाढतच नाही. उधारी मात्र वाढते. अशा वेळी माणूस आतून खचतो. नुसत्या कर्जानं कुणी जीव देत नाही; त्याला दारू, दुखणं, घरातली भांडणं, मनाचा आजार असं बरंच काही चिकटलेलं असतं. म्हणूनच "कर्ज होतं म्हणून गेला" एवढं बोलून आपण मोकळं होऊ नये.

खचलेला माणूस बहुतेक वेळा काहीतरी सांगत असतो. "माझ्यामुळं सगळ्यांना ताप", "आता माझी गरज काय", "मी नसलो तर बरं होईल" असं बोलतो. आपण म्हणतो, पिऊन बडबडतोय. तसं समजू नका. प्यालेल्या माणसाला स्वतःवर ताबा राहत नाही, म्हणून धोका उलट जास्त. झोप उडते, जेवण तुटतं, पारावर येणं बंद होतं. फाटलेलं जाळं महिनाभर तसंच पडून राहतं. कुणी आपलं चांगलं जाळं, तराफा भाच्याला देऊन टाकतो, कुणी अचानक येऊन विम्याला वारस कोण लावलाय ते विचारतो. आणि एक खूण फसवी असते. आठवडेच्या आठवडे तळमळणारा माणूस एकाएकी शांत होतो. घरच्यांना वाटतं, सुटला बिचारा. त्या वेळी तर जास्तच जवळ राहायचं.

बायकांचंही तेच. मासळीची पाटी घेऊन बाजारात जाणारी ताई गप्प झाली, लेकरांना बहिणीकडं सोडायच्या गोष्टी करू लागली, तर "तिचा स्वभावच तसा" म्हणून सोडू नका.

मग करायचं काय? विचारायचं. सरळ. "दादा, जीव द्यायचा विचार येतोय का मनात?" बऱ्याच जणांना भीती वाटते की विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल. तसं होत नाही. उलट, कुणीतरी ओळखलं म्हणून माणसाला हलकं वाटतं. विचारताना चारचौघांत नको. बांधावर, तलावाच्या काठाला, दोघंच असताना विचारा. उत्तर "हो" आलं तर घाबरू नका, रागावू नका. "लेकरांकडं बघ", "मर्दासारखा राहा" ही वाक्यं आपल्या तोंडात लगेच येतात. ती गिळून टाका. तो आधीच स्वतःला दोष देत असतो. त्याला बोलू द्या, मध्ये थांबला तर थांबू द्या. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागणार आहे.

त्या दिवशी त्याला एकटं सोडायचं नाही. घरातलं फवारणीचं औषध शेजाऱ्याकडं कुलपात ठेवा. जीव द्यायची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ हाताशी काही सापडलं नाही की माणूस वाचतो. श्रीलंकेत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली आणि १९९५ नंतर तिथल्या आत्महत्या खूप खाली आल्या.

हे सगळं डॉक्टरलाच जमतं असंही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातलेच कार्यकर्ते तयार केले, त्यांनी घरोघरी आणि छोट्या बैठकांत मनाच्या आजारावर बोलणं सुरू केलं, गरज पडेल त्याला पुढं डॉक्टरकडं नेलं. दीड वर्षानं मोजलं तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे शंभरात ४ वरून २७ वर गेले होते, आणि वर्षभरात जीव द्यायचा विचार आला असं सांगणारे शंभरात ५ वरून अडीचवर आले होते. विदर्भातल्या गावात झालं ते आपल्याकडं का होऊ नये?

कुणी प्रयत्न करून वाचला असेल तर घरचे पोलिसाच्या भीतीनं दवाखान्यात न्यायला उशीर करतात. तसं करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी आहे. १०८ ला फोन करा, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.

घरी आल्यावर आपण आठ दिवस जातो, मग विसरतो. खरा धोका पुढचे काही महिने असतो. चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी १,८६७ जणांवर अभ्यास झाला होता. ज्यांच्याशी एकदा नीट बोलून पुढं दीड वर्ष अधूनमधून फोन किंवा भेट ठेवली, त्यांच्यात नंतर आत्महत्येनं गेलेले हजारात २. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात हजारात २२. नुसतं "जेवला का अप्पा?" एवढा फोनही कामाचा आहे, बघा.

टेली-मानसचा नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत. कन्नड, मराठी, हिंदी, जी जमेल ती भाषा निवडा. आजारी माणसानंच फोन करावा असं काही नाही. बायको, भाऊ, शेजारी कुणीही विचारू शकतो. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं तर बीदरचा ब्रिम्स दवाखाना आहे. एकट्यानं जायला लाज वाटत असेल तर संस्थेत सांगा, आपल्यातलं कुणीतरी सोबत येईल. नंबर आत्ताच मोबाईलमध्ये घालून ठेवा, आणि जाळ्याच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहा.