पहिली शंका येते ती टीएला

अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या विद्यापीठांत पदवीच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका बहुतेक वेळा प्राध्यापक स्वतः तपासत नाहीत. त्या तपासतात टीचिंग असिस्टंट, म्हणजे त्याच विभागात एमएस किंवा पीएचडी करणारे विद्यार्थी. हार्वर्डमध्ये त्यांना टीचिंग फेलो म्हणतात, बर्कलीत ग्रॅज्युएट स्टुडंट इन्स्ट्रक्टर. बोलीभाषेत सगळीकडे ‘टीए’. तीनशे मुलांच्या वर्गाला प्राध्यापक आठवड्यातून दोन-तीनदा व्याख्यान देतात आणि बाकीचे शिकवणे छोट्या गटांत टीए करतात. शंका सोडवणे, प्रयोगशाळा सांभाळणे, असाइनमेंट तपासणे, परीक्षेच्या वेळी वर्गात फिरणे ही त्यांची कामे. त्यामुळे कुठे कॉपी झाली असेल तर ती आधी टीएंच्या नजरेला पडते. तिचे पुढे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्यांना जवळजवळ नसतो. कॉपीविषयी टीए काय विचार करतात, कुठे कडक होतात आणि कुठे कानाडोळा करतात, हे या दुहेरी स्थितीवर अवलंबून असते.

या स्थितीचे सर्वांत गाजलेले उदाहरण हार्वर्डचे आहे. 2012 च्या वसंत सत्रात तिथे ‘गव्हर्नमेंट 1310’ हा अमेरिकन काँग्रेसची ओळख करून देणारा विषय 279 विद्यार्थ्यांनी घेतला होता. अंतिम परीक्षा घरी नेऊन सोडवायची होती. पुस्तके, टिपणे, इंटरनेट सगळे वापरायची मुभा होती. फक्त दुसऱ्या कुणाशी चर्चा करायची नव्हती. पेपर तपासताना एका टीचिंग फेलोला काही उत्तरे एकमेकांशी फारच जुळताना दिसली. 22,500 या आकड्यात स्वल्पविरामानंतर पडलेली एक अनावश्यक मोकळी जागासुद्धा एकाहून अधिक पेपरांत सारखीच होती. त्याने प्राध्यापकांना सांगितले, प्राध्यापकांनी ते शिस्तपालन मंडळापुढे ठेवले. उन्हाळाभर सगळे पेपर पुन्हा वाचले गेले आणि सुमारे 125 विद्यार्थ्यांवर संशय ठेवण्यात आला. फेब्रुवारी 2013 मध्ये निकाल लागला तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे साधारण सत्तर विद्यार्थ्यांना काही काळासाठी विद्यापीठ सोडावे लागले. उरलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना ताकीद देऊन देखरेखीखाली ठेवले, बाकीच्यांवर कारवाई झाली नाही.

विद्यार्थ्यांनी आपल्या बचावात जे सांगितले तेही तितकेच लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार प्रत्येक टीचिंग फेलोची तपासण्याची पद्धत वेगळी होती आणि काहींनी परीक्षेच्या काळातही प्रश्नांचा अर्थ समजावून दिला होता. एकाच फेलोकडून एकच स्पष्टीकरण ऐकून लिहिलेली उत्तरे एकसारखी दिसणारच, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सगळ्यांना वाचवू शकला नाही, पण त्याने एक खरी उणीव उघडी केली. एकाच विषयाचे पाच-सहा टीए ‘मदत किती करायची’ याचा आपापला अर्थ लावत असतील, तर नियम कागदावर एक राहतो आणि वर्गात त्याचे पाच-सहा नियम होतात. कॉपी शोधून काढणारी व्यक्ती आणि नियम धूसर झाल्याचा ठपका येणारी व्यक्ती, दोन्ही टीएच.

कॉपी ओळखण्याची टीएंची साधने विषयागणिक बदलतात. निबंध तपासणाऱ्याला अचानक पालटलेली भाषा खटकते. दोन परिच्छेद अडखळत चाललेले असतात आणि तिसरा एखाद्या ग्रंथातून उचलल्यासारखा सफाईदार असतो. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात दोन वह्यांतली मोजमापे दशांश चिन्हानंतरच्या शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतात. गणितात बरोबर उत्तरे सारखी असणे स्वाभाविक आहे. चुकीची उत्तरे एकाच चुकीच्या पायरीवरून गेलेली दिसली की शंका पक्की होते. प्रोग्रामिंगच्या वर्गात ‘मॉस’ नावाची प्रणाली वापरतात. अ‍ॅलेक्स एकन या संगणकशास्त्रज्ञाने 1994 मध्ये तयार केलेली ही प्रणाली सगळ्या वर्गाचे प्रोग्राम एकमेकांशी ताडून पाहते. चलांची नावे बदलली किंवा ओळींची जागा हलवली तरी मूळ रचनेतले साम्य ती दाखवते. पण ती फक्त साम्य दाखवते. ते साम्य कॉपीमुळे आले की प्राध्यापकांनी दिलेल्या नमुन्यामुळे, हे माणसानेच दोन्ही प्रोग्राम शेजारी ठेवून ठरवायचे असते, आणि तो माणूस पुन्हा टीए असतो.

निबंधांसाठी जगभर वापरले जाणारे ‘टर्निटिन’ तर एका टीएच्याच अनुभवातून उभे राहिले. 1990 च्या दशकात बर्कलीत जैवभौतिकीचे संशोधन करणारे जॉन बॅरी तिथे टीए म्हणून शिकवत होते. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे लेखन वाचावे म्हणून त्यांनी एक संकेतस्थळ बनवले. तिथले निबंध काही मुले आपल्या नावावर खपवतात, अशी तक्रार विद्यार्थ्यांनीच केली. त्यावर शोधलेल्या उपायातून पुढे कंपनी उभी राहिली आणि 2019 मध्ये ती सुमारे पावणेदोन अब्ज डॉलरना विकली गेली.

शंका आली, पुरावाही हाती आहे. तरीही प्रत्येक प्रकरण वर जात नाही. टीएंशी मोकळेपणाने बोलले की याची तीच ती कारणे पुन्हा पुन्हा पुढे येतात, आणि त्यांतले पहिले अगदी व्यावहारिक आहे. अमेरिकेत टीएची नेमणूक साधारणपणे आठवड्याला वीस तासांची असते. परदेशी विद्यार्थ्याला तर सत्र चालू असताना कॅम्पसवर त्याहून जास्त काम करण्याची परवानगीच नसते. साठ पेपर आणि प्रत्येकी वीस मिनिटे धरली तर नुसत्या तपासणीत वीस तास संपतात. त्यात एका संशयित पेपरसाठी मूळ स्रोत शोधायचे, साम्याच्या जागा खुणावून अहवाल लिहायचा, प्राध्यापकांशी बैठक घ्यायची, पुढे मंडळासमोर साक्षही द्यायची. हे सगळे तास स्वतःच्या संशोधनातून काढावे लागतात. नोव्हेंबर 2022 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सुमारे 48 हजार शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यांत टीए मोठ्या संख्येने होते आणि मुख्य मागणी पगाराची होती. घरभाडे भरताना ओढाताण होणाऱ्या माणसाकडून विद्यापीठाच्या सचोटीची राखण फुकटात होईल, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

दुसरे कारण वयाचे आणि नात्याचे. तेवीस वर्षांचा टीए आणि एकवीस वर्षांचा विद्यार्थी एकाच कँटीनमध्ये जेवतात. सत्राच्या शेवटी विद्यार्थीही टीएचे मूल्यमापन करतात, आणि पुढे शिकवण्याची नोकरी मागताना ते शेरे अर्जासोबत जोडावे लागतात. त्यात शिक्षेचा परिणाम डोळ्यांसमोर असतो. परदेशी विद्यार्थ्याला निलंबित केले तर त्याचा व्हिसाचा दर्जाच जातो आणि देश सोडण्याची वेळ येते. स्वतः एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या टीएला याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. म्हणून अनेक जण मधला मार्ग काढतात: दोन गुण कापायचे, समासात ‘मला भेट’ असे लिहायचे आणि प्रकरण तिथेच मिटवायचे.

हा मार्ग दयाळूपणाचा वाटतो, पण तो घातक आहे. बहुतेक विद्यापीठांच्या नियमांनुसार टीएला स्वतः शिक्षा करता येत नाही, कारण आरोप झालेल्याला आपली बाजू मांडण्याचा हक्क असतो. परस्पर गुण कापले की तो हक्क हिरावला जातो. शिवाय कुठे नोंदच न झाल्यामुळे तोच विद्यार्थी पुढच्या सत्रात दुसऱ्या टीएकडे तेच करतो आणि प्रत्येक वेळी तो त्याचा ‘पहिलाच’ अपराध ठरतो.

टीए कशाला कॉपी मानतात, यातही एकवाक्यता नसते. परीक्षेत चिठ्ठी वापरणे किंवा पैसे देऊन दुसऱ्याकडून निबंध लिहून घेणे याविषयी कुणाच्या मनात संदेह नसतो. पैसे देऊन लिहून घेण्याच्या या धंद्याची विक्री आणि जाहिरात ऑस्ट्रेलियाने 2020 मध्ये, तर इंग्लंडने 2022 मध्ये कायद्याने गुन्हा ठरवली. मतभेद होतात ते गृहपाठावर. चार मित्रांनी एकत्र बसून गणित सोडवले आणि प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहिले, तर अभियांत्रिकीचे बरेच टीए त्याला शिकणेच म्हणतील. संख्याशास्त्राचा टीए कदाचित हरकत घेईल. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अवतरणचिन्हे न देता उतारा घेतला तर तो अज्ञानाचा भाग मानला जातो. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ती सूट मिळत नाही. अनुभवी टीए आणखी एक गोष्ट पाहतात: काम जमा केल्याची वेळ. मुदत संपण्याच्या तासाभरात, मध्यरात्रीनंतर आलेल्या कामांत उचलेगिरी अधिक सापडते, असे ते सांगतात. त्यांच्या दृष्टीने बरीचशी कॉपी लबाडीपेक्षा घाबरगुंडीतून होते.

हार्वर्डच्या ‘सीएस 50’ या प्रोग्रामिंगच्या प्रचंड मोठ्या वर्गाने 2014 मध्ये याच निरीक्षणाला धरून एक तरतूद केली. गैरकृत्य केल्यावर 72 तासांच्या आत विद्यार्थ्याने स्वतः येऊन कबुली दिली, तर त्या कामापुरती शिक्षा होते आणि प्रकरण वर पाठवले जात नाही. त्यामुळे कॉपी थांबली नाही. 2016 च्या सत्रातले साठहून अधिक विद्यार्थी पुढे मंडळासमोर गेलेच. पण घाबरलेल्या मुलाला परत फिरण्याची वाट मिळाली आणि टीएला चोरून दया दाखवण्याची गरज उरली नाही. इतर विद्यापीठांनी उचलावी अशी ही कल्पना आहे.

विद्यार्थी किती प्रमाणात कॉपी करतात याचा पहिला मोठा अभ्यास 1964 मध्ये विल्यम बोवर्स यांनी केला. 99 महाविद्यालयांतल्या पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जणांनी कधी ना कधी गैरप्रकार केल्याचे मान्य केले. रटगर्स विद्यापीठाचे डोनाल्ड मॅकेब यांनी 1990 च्या दशकापासून हे काम पुढे नेले. त्यांच्या संशोधनातला एक निष्कर्ष टीएंच्या कामाशी थेट जोडलेला आहे: विद्यार्थी कॉपी करेल की नाही, हे सर्वांत जास्त ठरते ते ‘बाकीचे करतात’ या त्याच्या समजुतीवरून. एका गटाचा टीए डोळेझाक करतो ही बातमी वर्गात पसरायला आठवडा लागत नाही. प्रामाणिकपणे रात्र जागवून काम करणाऱ्या मुलीला ती कळते तेव्हा नुकसान तिचे होते, आणि तिची बाजू मांडायला कोणतेही मंडळ बसत नाही.

काही विद्यापीठे कॉपी न करण्याच्या विद्यार्थ्यांच्या शपथेवर भर देतात. व्हर्जिनिया विद्यापीठात ही परंपरा 1842 पासून आहे, प्रिन्स्टनमध्ये 1893 पासून. स्टॅनफर्डमध्ये 1921 च्या संहितेनुसार परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक ठेवायचाच नाही असा दंडक होता. शंभर वर्षांनंतर, 2023 मध्ये, तिथेही प्रायोगिक पर्यवेक्षणाला मंजुरी द्यावी लागली.

तोवर परिस्थितीच पालटली होती. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि टीएंची जुनी साधने एका सत्रात बोथट झाली. ताडून पाहायला मूळ लेखच नाही, कारण प्रत्येक उत्तर नव्याने तयार होते. टर्निटिनने एप्रिल 2023 मध्ये यंत्रलेखन ओळखण्याची सोय आणली. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्टमध्ये ती बंद केली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे ओळखयंत्र अचूकता कमी असल्याचे सांगून सहा महिन्यांत मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात ओळखयंत्रे तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या 91 निबंधांपैकी सरासरी 61 टक्के निबंध या यंत्रांनी यंत्रलिखित ठरवले. ते सगळे माणसांनी लिहिलेले होते. साधी वाक्यरचना आणि मर्यादित शब्दसंग्रह हीच या यंत्रांना संशयाची खूण वाटते. पुण्याहून किंवा नांदेडहून गेलेल्या मुलाचे इंग्रजी असे असू शकते, आणि यंत्राच्या टक्केवारीवर विसंबणारा टीए त्याच्यावर खोटा आळ घेऊ शकतो. म्हणून जाणकार टीए आता वेगळ्या पद्धती वापरतात. संदर्भसूचीतली पुस्तके खरोखर अस्तित्वात आहेत का हे पाहतात, लेखनाचे आधीचे मसुदे मागतात, किंवा पाच मिनिटे समोर बसवून ‘हे वाक्य का लिहिलेस?’ एवढेच विचारतात. या तोंडी तपासणीला वेळ फार लागतो, पण तिच्याइतकी न्याय्य पद्धत सध्या दुसरी नाही.

भारतात टीएची व्यवस्था मुख्यतः आयआयटींसारख्या संस्थांत रुजली आहे. तिथे एमटेकच्या विद्यार्थ्याला महिना 12,400 रुपये मिळतात आणि त्या बदल्यात आठवड्याला आठ तास शिकवण्यात मदत करावी लागते. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत हा मधला थरच नाही. एकच अध्यापक शेकडो जर्नल तपासतो, आणि ती एकमेकांची उतरवलेली असतात हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. राज्याचा 1982 चा कायदा परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांचा भर प्रबंध आणि शोधनिबंधांवर आहे. त्यांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि 60 टक्क्यांपुढे विद्यार्थ्याची त्या अभ्यासक्रमाची नोंदणी रद्द होते. दर आठवड्याच्या असाइनमेंटकडे यांतल्या कुणाचे लक्ष नाही, आणि सवय तर तिथेच लागते.

2023-24 मध्ये अमेरिकेत 3 लाख 31 हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतले जवळजवळ दोन लाख पदव्युत्तर शिक्षण घेणारे होते. त्यांत मराठी घरांतून गेलेल्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्यातले अनेक जण टीए होतात. ज्यांच्या घरातून असा मुलगा किंवा मुलगी यंदा निघणार असेल, त्यांनी एवढे सांगून पाठवावे: पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांकडून लेखी विचारून घे की या वर्गात कोणती मदत चालेल, एआय कुठवर चालेल आणि शंका आली तर कुणाला कळवायचे. उत्तर मिळाले की ते आपल्या गटाला फळ्यावर लिहून दाखव.